दुरून विचारलेला जाब : परदेशस्थ नायजेरियन लेखकांचे मायदेशचिंतन

१. प्रश्नाचे स्वरूप

परदेशी स्थायिक झालेल्या लेखकांच्या साहित्याचा विचार आपल्याकडे बहुधा स्मरणरंजन, मुळांचा शोध, दोन संस्कृतींमधील ताण अशा काही ठरावीक आशयसूत्रांच्या आधारे केला जातो. ही सूत्रे चुकीची आहेत असे नाही. परंतु ती सर्वत्र सारखीच लागू पडतात असे गृहीत धरले, की काही साहित्यांचा गाभाच नजरेआड होतो. नायजेरियातून बाहेर पडलेल्या लेखकांचे इंग्रजी लेखन हे याचे ठळक उदाहरण आहे. या लेखनात मायदेशाची ओढ आहे, पण मायदेश हा तेथे केवळ आठवणींचा प्रदेश नाही. रस्ता, वीज, पोलीस, पासपोर्ट, निवडणूक, विद्यापीठ यांचा कारभार हाही तेथे मायदेशच आहे. त्यामुळे या लेखनातील मुख्य भाववृत्ती विरहाची नसून जाब विचारण्याची आहे.

‘जाब’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. गाऱ्हाणे कोणापुढेही मांडता येते, टीका त्रयस्थही करू शकतो. पण जाब विचारण्यासाठी विचारणाऱ्याचा काही अधिकार आणि ज्याला विचारायचा त्याच्याशी काही नाते असावे लागते. देश सोडलेल्या माणसाकडे हा अधिकार उरतो काय, उरत असल्यास तो कशावर आधारलेला असतो, आणि त्यातून साहित्याचे रूप कसे घडते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी चिनुआ अचेबे, वोले सोयिंका, हेलोन हबिला, टेजू कोल, चिमामांडा न्गोझी अडिची आणि नू सारो-विवा यांच्या निवडक लेखनाचा आधार घेतला आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झाला. उत्तरेकडील हौसा-फुलानी, नैर्ऋत्येकडील योरुबा आणि आग्नेयेकडील इग्बो हे तीन मोठे समाज, त्यांखेरीज शेकडो लहान समाज आणि पाचशेहून अधिक भाषा यांचे हे राष्ट्र ब्रिटिश प्रशासनाने एका सीमेत आणले होते. जानेवारी १९६६ मध्ये पहिला लष्करी उठाव झाला. पुढे इग्बोबहुल पूर्व विभागाने ‘बियाफ्रा’ या नावाने फुटून निघण्याची घोषणा केली आणि जुलै १९६७ ते जानेवारी १९७० या काळात यादवी युद्ध झाले. त्यात शस्त्रांपेक्षा उपासमारीने अधिक माणसे मेली. १९५६ मध्ये नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात खनिज तेल सापडले होते. युद्धानंतर त्या तेलाचा पैसा वाढला आणि त्याबरोबर सत्तेसाठीची स्पर्धाही वाढली. मधली काही वर्षे वगळता १९९९ पर्यंत देश लष्कराच्या ताब्यात होता. जून १९९३ ची अध्यक्षपदाची निवडणूक लष्करी राजवटीने रद्द केली, त्याच वर्षाअखेर सानी अबाचा यांनी सत्ता बळकावली, आणि १० नोव्हेंबर १९९५ रोजी लेखक केन सारो-विवा यांना ओगोनी समाजातील इतर आठ जणांसह फाशी देण्यात आले. तेल कंपन्यांमुळे झालेल्या भूमीच्या नाशाविरुद्ध त्यांनी आंदोलन उभारले होते.

२९ मे १९९९ रोजी नागरी राजवट परत आली. तथापि असुरक्षितता संपली नाही, तिचे स्वरूप बदलले. २००९ पासून ईशान्येत बोको हरामचा सशस्त्र उठाव सुरू झाला. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री चिबोक येथील शाळेतून २७६ मुली पळवून नेण्यात आल्या. खंडणीसाठी अपहरण हा देशाच्या अनेक भागांत जणू व्यवसाय झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सार्स’ या पोलीस पथकाच्या अत्याचारांविरुद्ध तरुणांनी देशभर निदर्शने केली; २० ऑक्टोबरला लागोसमधील लेक्की टोलनाक्यावर जमलेल्या निदर्शकांवर सैनिकांनी गोळीबार केला. लंडन आणि न्यूयॉर्क येथील नायजेरियनही त्या दिवसांत रस्त्यावर उतरले होते. ‘पळ काढणे’ अशा अर्थाचा ‘जापा’ हा योरुबा शब्द देश सोडून जाण्यासाठी सर्वतोमुखी झाला तो याच सुमारास.

या पार्श्वभूमीत एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. परदेशस्थ नायजेरियन अलीकडच्या काळात दरवर्षी सुमारे २० अब्ज डॉलर मायदेशी पाठवितात. मनिऑर्डरीवर चालणारे कोकणातले घर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पैशाचे कौटुंबिक मोल वेगळे सांगावयास नको. परंतु २०२३ च्या निवडणुकीपर्यंत या लोकांना परदेशातून मतदान करण्याची कोणतीही सोय नव्हती. घर चालविण्यात वाटा आहे, पण घराच्या कारभारात मत नाही, अशी ही स्थिती आहे. लेखन हे येथे काही अंशी त्या न मिळालेल्या मताची जागा घेते.

३. ‘परदेशस्थ’ या संज्ञेतील भेद

‘डायस्पोरा’ ही संज्ञा सोयीची असली तरी ती अनेक भेद पुसून टाकते. मराठीत परागंदा, निर्वासित, स्थलांतरित, अनिवासी असे निरनिराळ्या छटांचे शब्द आहेत आणि या लेखकांच्या बाबतीत ते भेद राखणे उपयुक्त ठरते.

सोयिंका हे नेमक्या अर्थाने परागंदा होते. यादवी युद्धाच्या काळात त्यांनी १९६७ ते १९६९ असा तुरुंगवास भोगला होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये अबाचा राजवटीपासून जीव वाचविण्यासाठी ते मोटारसायकलवरून आडवाटांनी सीमापार बेनिनमध्ये गेले. १९९७ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. अबाचा यांच्या मृत्यूनंतर १९९८ मध्ये ते परतले. अचेबे यांचे जाणे वेगळ्या कारणाने झाले. १९९० मधील मोटार अपघाताने त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले, आणि आवश्यक उपचार मायदेशी मिळणे कठीण असल्याने ते अमेरिकेत राहिले. २०१३ मध्ये बोस्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांना कोणी हाकलले नव्हते. पण मोठ्या लेखकालाही देशात पुरेशी वैद्यकीय सोय मिळू नये, हाही कारभाराचाच एक निर्वाळा होता.

अडिची वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आणि कोल सतराव्या वर्षी शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. कोल यांचा जन्मच अमेरिकेतला, बालपण मात्र लागोसमधले. हबिला मूळचे ईशान्येकडील गोंबे भागातले. ते अमेरिकेत अध्यापन करतात. केन सारो-विवा यांच्या कन्या नू सारो-विवा इंग्लंडमध्ये वाढल्या. त्यांच्या दृष्टीने नायजेरिया हा आधी सक्तीच्या सुट्यांचा आणि नंतर वडिलांना मारणारा देश होता. म्हणजे कोणाला देशाने घालविले, कोणाला देश पुरेसा पडला नाही, आणि कोणाला तो वारशाने, जखमेसह मिळाला. जाब विचारण्याचा प्रत्येकाचा अधिकार आणि सूर त्यामुळे निराळा आहे.

४. असुरक्षितता : दोन पातळ्या

या लेखनात असुरक्षितता दोन पातळ्यांवर प्रकट होते. पहिली पातळी उघड हिंसेची आहे. हबिला यांच्या ‘ऑइल ऑन वॉटर’ (२०१०) या कादंबरीत दोन पत्रकार तेल-अभियंत्याच्या अपहृत पत्नीचा शोध घेत त्रिभुज प्रदेशात शिरतात. पण कादंबरी पुढे सरकते तसतसा अपहरणाचा शोध मागे पडतो आणि तेलाने मेलेले पाणी, ओस गावे, सैनिक आणि बंडखोर यांच्या कात्रीत सापडलेली माणसे यांचे चित्र पुढे येते. ‘द चिबोक गर्ल्स’ (२०१६) या वृत्तांतात हबिला स्वतः तपासनाके ओलांडत चिबोकला पोचतात, सुटून आलेल्या मुलींशी आणि पालकांशी बोलतात. जगभर घोषवाक्य झालेल्या घटनेला ते पुन्हा एका गावाची, रस्त्याची आणि इतिहासाची चौकट देतात. त्या भागाची भाषा आणि रीत ठाऊक असलेला, पण आता तेथे न राहणारा माणूसच हे मध्यस्थाचे काम करू शकतो.

दुसरी पातळी अधिक सूक्ष्म आहे. रोजच्या व्यवहारातील कोणत्याही नियमावर विसंबता न येणे हीही असुरक्षितताच होय. कोल यांच्या ‘एव्हरी डे इज फॉर द थीफ’ (२००७) या लघुकादंबरीचा प्रारंभ नायजेरियात होत नाही, तो न्यूयॉर्कमधील नायजेरियन वकिलातीत होतो. पासपोर्ट लवकर हवा असेल तर पावतीविना जादा रक्कम भरावी लागते. भिंतीवर लाच मागितल्यास कळवा अशी सूचना आहे, पण कोणाला आणि कोठे कळवायचे याचा पत्ता तीत नाही. निवेदक मायदेशी पोचण्यापूर्वीच मायदेशाचा कारभार त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. पुढे विमानतळ, पोलीस, रस्त्यावरचे खंडणीखोर अशा प्रसंगांतून हेच सूत्र विस्तारते. कोल यांचे निवेदन शांत आणि नोंदवजा आहे, क्षोभाची भाषा ते सहसा वापरत नाहीत. चोरीच्या संशयावरून जमावाने जिवंत जाळलेल्या मुलाचा प्रसंगही ते याच संयमाने सांगतात. या संयमामुळे लहान लाच आणि मोठी हिंसा एकाच साखळीच्या कड्या आहेत हे वाचकाला न सांगता उमगते. जेथे पावती मिळत नाही तेथे न्यायही मिळत नाही, आणि न्याय मिळत नाही म्हणून जमाव तो हाती घेतो, असा हा कार्यकारणभाव आहे.

या दोन पातळ्या एकमेकींना कशा छेदतात हे अडिची यांच्या घरच्या अनुभवावरून दिसते. मे २०१५ मध्ये त्यांच्या वडिलांचे, न्सुक्का येथील निवृत्त संख्याशास्त्र-प्राध्यापकांचे, अपहरण झाले आणि खंडणी दिल्यानंतर त्यांची सुटका झाली. मुलगी परदेशात कीर्ती पावलेली आहे हे अपहरणकर्त्यांना ठाऊक होते, आणि या कीर्तीनेच वडिलांना संकटात लोटले याची जाणीव अडिची यांनी पुढे लेखनात व्यक्त केली. परदेशस्थ माणूस सुरक्षित अंतरावरून बोलतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. येथे ते अंतर सुरक्षित राहिलेले नाही. दूर असणेच घरच्यांच्या असुरक्षिततेचे एक कारण झाले आहे.

५. जाब कोणाला ?

कारभाराविषयीच्या लेखनात संबोधनाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अचेबे यांनी १९८३ मध्ये, देशात असतानाच, ‘द ट्रबल विथ नायजेरिया’ ही पुस्तिका लिहिली. देशाचे दुखणे भूमीत, हवामानात वा लोकस्वभावात नसून नेतृत्वाच्या अपयशात आहे, अशी तिची मांडणी होती. अमेरिकेत गेल्यावरही ही भूमिका त्यांनी सोडली नाही. २००४ मध्ये देऊ केलेला राष्ट्रीय सन्मान त्यांनी अध्यक्षांना खुले पत्र लिहून नाकारला. आपल्या अनाम्ब्रा राज्यात काही मंडळी वरिष्ठांच्या आश्रयाने बेबंदशाही माजवीत आहेत, हे त्यांनी कारण म्हणून दिले. २०११ मध्ये सन्मान पुन्हा देऊ करण्यात आला तेव्हा, पूर्वीची कारणे दूर झालेली नाहीत, असे सांगून त्यांनी तो पुन्हा नाकारला. येथे जाब थेट आपल्याच राष्ट्राध्यक्षांना विचारलेला आहे.

एप्रिल २०२३ मध्ये अडिची यांनीही एक खुले पत्र लिहिले. मात्र ते अमेरिकेच्या अध्यक्षांना उद्देशून होते आणि अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीतील नायजेरियन निवडणुकीतील गैरप्रकार त्यांनी त्यात मांडले आणि अमेरिकेने त्या निकालाला मान्यता देण्याविषयी तीव्र नाराजी व्यक्त केली. दोन पत्रांमधील एकोणीस वर्षांत संबोधित व्यक्ती बदलली, हा बदल साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. एका बाजूने पाहता, बलाढ्य राष्ट्राच्या मान्यतेवर आपल्या राज्यकर्त्यांची प्रतिष्ठा अवलंबून असते हे ओळखून केलेले हे व्यवहार्य पाऊल आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, घरचा प्रश्न घराबाहेरच्या न्यायासनापुढे नेल्याने जाबाचे गाऱ्हाण्यात रूपांतर होण्याचा धोका येथे उद्भवतो. वासाहतिक काळात लंडनला पाठविलेल्या अर्जांची आठवण व्हावी असा हा पेच आहे. अडिची यांना त्याची जाणीव नसावी असे म्हणता येत नाही. परंतु त्याचे पूर्ण निराकरण त्या पत्रात होत नाही, असे माझे मत आहे.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. हे सारे लेखन इंग्रजीत आहे. इंग्रजीला आफ्रिकी अनुभवाचा भार पेलावयास लावता येईल, ही भूमिका अचेबे यांनी १९६० च्या दशकातच घेतली होती, आणि शेकडो भाषांच्या देशात इंग्रजी हीच अनेकदा आपसातील भाषा ठरते हेही खरे आहे. तरी इंग्रजीमुळे एक दुसरा, दूरचा वाचक सतत उपस्थित राहतो. या दृष्टीने कोल यांचे उपरोक्त पुस्तक २००७ मध्ये प्रथम नायजेरियातच प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत ते सात वर्षांनी आले, ही बाब केवळ प्रकाशनाच्या तपशिलाची नाही. जाब आधी ज्याचा त्याला पोचावा, हा क्रम येथे पाळला गेला आहे.

६. विचारणाऱ्यालाही जाब

या साहित्याची खरी प्रगल्भता ते स्वतःकडेही त्याच दृष्टीने पाहते यात आहे. अडिची यांच्या ‘अमेरिकाना’ (२०१३) या कादंबरीतील इफेमेलू लष्करी राजवटीत, विद्यापीठे संपांमुळे वारंवार बंद पडत असताना, देश सोडते. ही पिढी युद्धामुळे वा उपासमारीमुळे पळालेली नाही; निवड करण्याची शक्यताच नसलेल्या जगण्यातून ती बाहेर पडली आहे, हे कादंबरी स्पष्ट करते. निर्वासित आणि सुखलोलुप स्थलांतरित या दोन टोकांच्या मधला हा माणूस आहे. इफेमेलू अनेक वर्षांनी लागोसला परतते तेव्हा परत आलेल्यांच्या एका मंडळात ती जाते. देशात काय काय मिळत नाही याची तेथे चालणारी चर्चा तिला खटकते, आणि आपणही त्यांतल्याच एक आहोत हे तिला त्याहून अधिक खटकते. तिचा पूर्वीचा मित्र ओबिंझे इंग्लंडमधून हद्दपार होऊन परततो आणि एका सत्तासमीप धनिकाच्या कृपेने श्रीमंत होतो. कारभाराचा दोष येथे कोणा दूरच्या हुकूमशहाचा राहत नाही. तो नायकाच्या संपत्तीत मिसळलेला आहे.

‘हाफ ऑफ अ यलो सन’ (२००६) या बियाफ्रा युद्धावरील कादंबरीत हाच प्रश्न लेखनाच्या अधिकारापर्यंत नेला आहे. कादंबरीत अधूनमधून एका ग्रंथाचे अंश येतात. तो ग्रंथ बियाफ्रावर प्रेम करणारा इंग्रज रिचर्ड लिहीत असावा, अशी वाचकाची समजूत होत जाते. अखेरीस कळते की त्याचा लेखक प्राध्यापकाच्या घरी काम करणारा उग्वू आहे. युद्धात सक्तीने भरती झालेला, स्वतःही एका अत्याचारात सामील झालेला हा मुलगा आहे. दूरच्या सहानुभूतीपेक्षा अपराधासह भोगलेला अनुभव बोलण्याचा अधिक अधिकारी आहे, हे सूचन युद्धानंतर जन्मलेल्या आणि परदेशी शिकलेल्या लेखिकेने करावे, याला अर्थ आहे. आपल्या लेखनाची मर्यादा तिने रचनेतच नोंदविली आहे.

अचेबे यांच्या ‘देअर वॉज अ कंट्री’ (२०१२) या बियाफ्राविषयक आत्मपर इतिहासाच्या बाबतीत मात्र जाब बाहेरून आला. युद्धकाळातील नाकेबंदीबाबत त्यांनी योरुबा नेते ओबाफेमी अवोलोवो यांच्यावर ठेवलेल्या ठपक्यावरून नायजेरियात तीव्र वाद झाला. चाळीस वर्षांनी, परदेशातून लिहिलेल्या पुस्तकाची मायदेशी एवढी दखल घेतली गेली, याचाच अर्थ लेखक आणि देश यांच्यातील नाते तुटलेले नव्हते.

७. आशेचे स्वरूप

एवढे सगळे लिहिणाऱ्यांना आशा कशाची वाटते ? या साहित्यातील आशा उद्धाराची नाही, ती लहान आणि मोजता येण्याजोगी आहे. कोल यांचा निवेदक लागोसचे राष्ट्रीय संग्रहालय पाहून खिन्न होतो, पण एक संगीतशाळा आणि एक पुस्तकांचे दुकान त्याला दिलासा देतात. बसमध्ये गंभीर साहित्य वाचणारी एक अनोळखी बाई दिसली, तरी तो हरखतो. नू सारो-विवा यांनी ‘लुकिंग फॉर ट्रान्सवंडरलँड’ (२०१२) या प्रवासवर्णनाला नाव दिले आहे ते इबादानमधील एका मोडकळीस आलेल्या करमणूक-उद्यानाचे. ज्या देशाने वडिलांना फासावर दिले त्या देशात त्या प्रवासी म्हणून हिंडतात, चिडतात, हसतात आणि अखेर त्याच्याशी एक सावध समेट करतात. हुतात्म्याची कन्या या ओळखीबाहेर पडून साध्या नागरिकाप्रमाणे देश पाहता येणे हीच येथे आशा आहे. अडिची यांनी लागोसमध्ये तरुण लेखकांसाठी कार्यशाळा चालविल्या, त्याही याच प्रकारच्या आशेच्या निदर्शक म्हणता येतील.

सोयिंका यांच्या ‘यू मस्ट सेट फोर्थ ॲट डॉन’ (२००६) या आत्मचरित्रात आशेचे आणखी मूलभूत रूप भेटते. परक्या भूमीत मरण आले तर काय, ही चिंता त्यांना परागंदा अवस्थेत छळत होती. परतणे शक्यच झाले नाही तर आपल्या आबेओकुटा या जन्मगावाशी नाते सांगणाऱ्या, जमैकातील बेकुटा या वस्तीत आपले दफन व्हावे, असे त्यांनी योजले होते. राज्यसंस्थेने देश नाकारला तरी भूमीशी असलेला संबंध ती नाकारू शकत नाही, असा विश्वास या योजनेमागे आहे. परतल्यानंतरही त्यांचा सूर मवाळ झाला नाही. २०२१ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी सत्ता, धर्म आणि पैसा यांच्या संगनमतावर उपहासात्मक कादंबरी प्रसिद्ध केली. परत येणे म्हणजे तक्रार संपणे नव्हे, हे त्यातून दिसते.

८. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. एक, परदेशस्थ नायजेरियन लेखनात मायदेशाचे भान हे मुख्यतः नागरिकत्वाचे भान आहे. दोन, त्यातील असुरक्षितता बंदुकीपुरती मर्यादित नसून नियम, पावती आणि न्याय यांच्या अभावातून ती हिंसेपर्यंत जाते, आणि देशाबाहेर राहूनही तिच्यापासून सुटका होत नाही. तीन, जाब विचारण्याचा लेखकाचा अधिकार तो कोठे राहतो यावरून ठरत नाही. तो कोणाला उद्देशून बोलतो, कोणाच्या वतीने बोलतो आणि त्या बोलण्याची कोणती किंमत मोजतो, यांवरून ठरतो. चार, आशा ही येथे भविष्यकथनात नसून जाब विचारीत राहण्यातच आहे. कारण ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरलेली नाही त्याला कोणी जाब विचारीत नाही.

स्थलांतरितांच्या मराठी लेखनाचा अभ्यास करणाऱ्यांना यांतील तिसरा निष्कर्ष विशेष उपयोगी पडावा. आपल्या परदेशस्थ लेखकांच्या साहित्यात घर, सण, आई, गाव यांचे चित्रण कसे येते हे आपण आवर्जून पाहतो. नगरपालिका, पोलीसठाणे, शाळा, निवडणूक यांचे चित्रण त्यात येते काय, आणि येत नसल्यास ते का येत नाही, हा प्रश्न विचारावयास नायजेरियन साहित्य आपल्याला प्रवृत्त करते. उत्तर काहीही आले तरी ‘मायदेश’ या शब्दाचा आपण किती अर्थ गृहीत धरला होता आणि किती वगळला होता, हे त्यातून तपासता येईल.